चांदोली ते दांडेली: मित्रांसोबत सह्याद्रीतून गाडीने जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून निघायचं, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला सरकत तीन राज्यांतली तीन राष्ट्रीय उद्यानं बघायची आणि महामार्गाने परत यायचं. या मार्गाबद्दल ओळखीचे-अनोळखी लोक फोन करून जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हा प्रवास उजेडाच्या वेळेवर चालतो. अभयारण्यांची फाटकं, घाट, गवे, धुकं, सगळं सूर्याच्या हिशोबाने. सुट्टीत साडेनऊला उठून अकराला नाश्ता करणाऱ्यांनी सरळ गोव्याला जावं, तिथे कोणी नावं ठेवत नाही.

मार्ग नेमका कसा आहे?

पुणे, कराड, पेठ नाका, शिराळा, चांदोली. तिथून मलकापूर-कोल्हापूर करत राधानगरी आणि दाजीपूर. मग गारगोटी-आजरा मार्गे आंबोली. आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा, डिचोली, साखळी आणि उसगावला पणजी-बेळगाव रस्ता धरून मोले. अनमोड घाट चढून कर्नाटकात रामनगर, जोयडा, अंशी, गणेशगुडी, दांडेली. परत येताना धारवाड किंवा बेळगाववरून महामार्ग. सगळं मिळून साधारण अकराशे-बाराशे किलोमीटर होतात. आडवळणं घेतलीत तर जास्त.

यातली राष्ट्रीय उद्यानं तीन: महाराष्ट्रातलं चांदोली, गोव्यातलं मोले, कर्नाटकातलं अंशी. राधानगरी हे अभयारण्य आहे, दाजीपूर त्यातच येतं, पण ते वगळून हा मार्ग करण्यात अर्थ नाही.

किती दिवस हवेत?

सहा रात्री. पाचात बसवता येतं, पण मग एक जंगल नुसतं काचेतून बघायचं असं आधीच ठरवून टाका. चारात बसवायचा असेल तर आंबोलीच्या पुढे जाऊ नका, तिथूनच परत फिरा.

लोक किलोमीटर मोजून दिवस ठरवतात आणि फसतात. चांदोली ते दाजीपूर हे अंतर नकाशावर तीन-साडेतीन तासांचं दिसतं. पण सकाळची चांदोलीची फेरी करून, जेवून, कोल्हापूरची गर्दी पार करून दाजीपूरला पोचाल तोवर तिथलं फाटक बंद झालेलं असतं. म्हणजे दाजीपूर दुसऱ्या दिवशी सकाळी. असा प्रत्येक मुक्काम ‘पोचण्याचा दिवस’ आणि ‘जंगलाची सकाळ’ असा मोडतो. आराखडा करताना आधी फाटकांच्या सकाळच्या वेळा लिहा आणि त्यावरून मागे मागे येत निघण्याच्या वेळा काढा.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर. जागा असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडाही.

पावसाळ्यात चांदोली आणि राधानगरी पर्यटकांसाठी बंद असतात, मोलेजवळच्या दूधसागर धबधब्याच्या जीपही थांबतात. म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात मार्गातला मुख्य ऐवजच गायब. त्या दिवसांत आंबोली मात्र ऐन भरात असते. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते, आणि बेडूक, खेकडे, साप बघणाऱ्यांची ती पंढरी आहे. त्यामुळे पावसात फक्त आंबोली करा, उरलेला मार्ग दिवाळीनंतरसाठी ठेवा.

ऑक्टोबरच्या मध्यावर फाटकं उघडू लागतात, पण परतीच्या पावसाने आतले कच्चे रस्ते चिखलात असले तर तारीख पुढेही जाते. नोव्हेंबरात गवत अजून उभं असतं, ओढे वाहते असतात, दूधसागरला पाणी असतं, आणि पहाटे दरीत ढग बसलेले असतात. फेब्रुवारीपासून पुढे जंगल उघडं पडतं, पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते, पण दुपार भाजून काढते आणि धबधबे बघायला गेलात तर ओला खडक बघून याल. एप्रिल-मे मध्ये जांभूळ-करवंदं खायची असतील तर जरूर जा. तो वेगळा प्रवास आहे.

ख्रिसमस ते नवीन वर्ष हा आठवडा टाळाच. गोव्याकडे जाणारी सगळी वाहतूक तुमच्याच घाटातून जाते.

वाघ दिसेल का?

नाही, असं धरूनच चला.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचं क्षेत्र हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि इतक्या जागेत वाघ मात्र अनेक वर्षं जवळजवळ नव्हतेच. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला तर त्याची बातमी झाली. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. ताडोब्यात जसं जिप्सीत बसून वाघीण पिल्लांसकट बघता येते तसं इथे होणार नाही. डोंगर उभे, झाडी सदाहरित, आणि नजर पन्नास पावलांपुढे जात नाही.

पण या मार्गाची खरी गंमत वाघाशीच जोडलेली आहे. दक्षिणेकडे कर्नाटकातल्या काळी नदीच्या खोऱ्यात वाघ टिकून आहेत. तिथले तरुण नर नवी जागा शोधत उत्तरेकडे सरकतात ते गोव्याच्या म्हादई-मोलेतून, तिळारी-दोडामार्गच्या जंगलातून, आंबोली, राधानगरी करत चांदोलीपर्यंत. वन्यजीव अभ्यासक याला सह्याद्री-कोकण भ्रमणमार्ग म्हणतात. तुम्ही गाडीने जो मार्ग घेणार आहात तो साधारण हाच, फक्त उलट्या दिशेने. आंबोली ते दोडामार्ग हा पट्टा संवर्धन राखीव क्षेत्र का केला, मोलेतून जाणाऱ्या रुळांवरून एवढा वाद का झाला, हे सगळं एका ओळीत लावून बघता येतं ते इथेच. गाडीत एकाने हे वाचून यावं आणि बाकीच्यांना सांगावं, वेळ चांगला जातो.

चांदोलीत काय बघायचं आणि आत कसं जायचं?

प्रवेश वारणा धरणाच्या बाजूने, शिराळा तालुक्यातून आहे. आत जायची परवानगी, वाटाड्या आणि कोणती गाडी चालते याचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून आदल्या आठवड्यात वनविभागाच्या कार्यालयात फोन करून पक्कं करा. प्रत्येकाचं ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा. आठवड्यातला बंदचा वार कोणता तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

१९८५ मध्ये हे अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या हद्दी इथे भिडतात. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला तेव्हा महाराष्ट्रातल्या ज्या चार जागा त्यात आल्या त्यांत चांदोली आहे. बाकीच्या तीन म्हणजे कास, कोयना आणि राधानगरी.

आतमध्ये झोळंबीच्या सड्यावर जरूर जा. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, पातळ मातीवर गवत आणि मधे मधे पाण्याची डबकी. कडेला उभं राहिलं की एका बाजूला वारणेचा जलाशय आणि दुसऱ्या बाजूला कोकणात तुटणारे कडे. वाटेत जुन्या गावांच्या खुणा लागतात: घरांची जोती, बांध, माणसाने लावलेले आंबे-फणस. धरण आणि अभयारण्यासाठी ही गावं उठवली. त्या लोकांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणी आजही संपलेली नाहीत. वाटाड्या आसपासच्याच गावचा असेल तर त्याला बोलतं करा. पक्ष्यांची नावं ॲपही सांगतं, कोणाचं घर कुठे होतं ते फक्त त्याला माहीत असतं.

राधानगरीचं धरण बघण्यासारखं आहे की नुसतं थांबायचं म्हणून?

थांबा. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोगावतीवर हे काम सुरू केलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. पावसाळ्यात ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की पंचगंगेच्या काठची माणसं सामान वर ठेवायला लागतात. नोव्हेंबरात दरवाजे बंदच असतील, पण ही यंत्रणा विजेशिवाय चालते हे समजून घेऊन बघितलं तर अर्धा तास सहज जातो.

दाजीपूरला गवे दिसतातच का?

बहुतेक दिसतात. राधानगरी हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं, आणि ते गव्यांसाठीच ओळखलं जातं. सकाळच्या पहिल्या फेरीत सावराई सड्याकडे जाताना किंवा संध्याकाळी पाण्याच्या कडेला कळप दिसतो. वेळ असेल तर शिवगडावर चढा, छोटा आहे. शेकरू मात्र मान वर करून बघणाऱ्यालाच दिसतं. गाडीतले चौघंही रस्त्याकडे बघत बसले तर डोक्यावरून उडी मारून जाईल आणि पत्ता लागणार नाही.

गवा रस्त्यातच उभा राहिला तर काय करायचं?

काही करायचं नाही, हेच अवघड असतं.

दाजीपूरच्या रस्त्यावर सूर्य मावळता मावळता एका वळणानंतर असा नर आडवा उभा होता. आधी वाटलं रस्त्याच्या कडेला काळा कातळ आहे. मग कातळाने मान वळवली. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच वशिंडासारखा कणा, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी, गुडघ्याखाली पांढरे पाय, आणि श्वास सोडला की नाकपुडीजवळची धूळ उडत होती. आमच्या गाडीच्या बॉनेटपेक्षा त्याचं पोट वर होतं. मागच्या सीटवरचा एकजण हळूच म्हणाला, “हॉर्न दे ना.” पुढच्याने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, “तू उतर आणि तू दे.” दहा-बारा मिनिटांनी गवा आपल्या मर्जीने खाली उतरला. त्याच्यामागे आणखी काही आहेत का हे बघत अजून थोडं थांबलो, तर दोन माद्या आणि एक तपकिरी वासरू निघालंच.

तेव्हा नियम असे. लांबच थांबा, दिवे खाली करा, इंजिन चालू राहू द्या पण रेस करू नका. हॉर्न नाही, फ्लॅश नाही, दार उघडायचं नाही. मागे सरकायला जागा असेल तर सावकाश मागे घ्या. कळपापेक्षा एकांडा नर कमी भरवशाचा. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो, छोट्या गाडीचं वजनही जवळपास तेवढंच असतं. एक गेला म्हणून लगेच गाडी दामटू नका, मागून येणारे असतात.

जाता जाता: गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे. किनाऱ्यावर फिरून आलेल्या दहा जणांना विचारा, एकालाही माहीत नसतं.

घाटात गाडी चालवायची सवय नाही. जमेल का?

दिवसा जमेल. घाट चढताना ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं हे एवढं पाळलं तरी पुष्कळ. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजूनही भेटतात. आंबोली घाटात चाकातून जळका वास येत असलेली, बाजूला लावून बाटलीतलं पाणी ओतत बसलेली गाडी दिसते ती त्यांचीच. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतू नका, ती वाकडी होते. नुसती उभी करून थंड होऊ द्या.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा कायदा आहे आणि शिष्टाचारही. वळणावर हॉर्न द्या, वळणावर फोटोसाठी थांबू नका. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवणं बंद करा, मागच्याला तुम्ही वळणार की थांबणार हे कळत नाही.

मार्गावरचे दोन मोठे घाट म्हणजे आंबोलीचा उतार आणि अनमोडचा चढ. अनमोडला मालवाहू ट्रकांच्या रांगा असतात. घाई करणाऱ्याला ओव्हरटेकची खुमखुमी येते, त्याला चहाला थांबवा.

रात्री प्रवास केला तर एक दिवस वाचेल ना?

वाचेल, पण करू नका. अंधारात या रस्त्यांवर गवे, सांबर, रानडुकरं, आणि पावसाळ्याच्या आसपास शेकडो बेडूक-साप असतात. जंगलातल्या काही रस्त्यांवर रात्री वाहतूक बंदही असते. शिवाय जे बघायला आलात तेच अंधारात मागे टाकत जायचं, याला काय म्हणावं?

आमची गाडी छोटी आहे. मोठी भाड्याने घ्यावी का?

कोरड्या हंगामात छोटी हॅचबॅकसुद्धा हा मार्ग करते, चारच जण असतील आणि सामान बेताचं असेल तर. जंगलाच्या आत बहुतेक ठिकाणी तिथलीच वाहनं घ्यावी लागतात, त्यामुळे तुमच्या गाडीचं पोट दगडाला घासण्याचे प्रसंग कमी.

भाड्याची घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली, म्हणजे स्वतः चालवायला कायदेशीर परवाना असलेली घ्या. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन आणली तर राज्याच्या सीमेवर दंड होऊ शकतो, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

स्टेपनीत हवा आहे का ते निघण्याआधी तपासा. जॅक आहे पण पाना नाही, हे दृश्य दर सहलीत कोणाच्या ना कोणाच्या गाडीत असतंच.

दुचाकीवरून?

मार्ग सुंदर होईल, पण जंगलफेरीत दुचाकी सोडत नाहीत. आत जायला वेगळी गाडी घ्यावी लागेल.

नकाशा फोनवर आहे, पुरेल का?

नकाशा आधीच उतरवून ठेवा. चांदोलीच्या आत, दाजीपूरच्या आसपास आणि जोयडा-अंशी भागात रेंज जाते. जाते म्हणजे तासन् तास जाते. फोन जवळचा रस्ता म्हणून जंगलातून जाणारी वाट दाखवतो, आणि तिच्या टोकाला वनविभागाचं कुलूपबंद फाटक निघतं. टपरीवर विचारा. “हा रस्ता जातो का?” असं न विचारता “आज गाड्या जातायत का?” असं विचारा. पहिल्याचं उत्तर कायम हो असतं.

पेट्रोल कोल्हापूर, आजरा, सावंतवाडी आणि रामनगरच्या आधी गोव्यातच भरून घ्या.

आंबोलीला नोव्हेंबरात जाऊन काय मिळणार? धबधबे तर आटलेले असतात.

मुख्य धबधब्याखाली भिजायला जाणाऱ्यांची निराशा होईल, आणि तेच बरं. शनिवार-रविवारी पावसाळ्यात तिथे जी जत्रा भरते ती एकदा बघितली की पुन्हा बघवत नाही.

नोव्हेंबरात हिरण्यकेशीला जा. गुहेतून नदी उगम पावते, बाहेर महादेवाचं देऊळ आहे. या कुंडात एक छोटा मासा सापडला आणि २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं तेव्हा त्याला नदीचंच नाव मिळालं. पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. देवस्थान म्हणून लोकांनी पाणी राखलं म्हणून मासा उरला, असंही म्हणता येईल. पाण्यात पाय सोडून बसू नका, साबण तर अजिबात नको.

रात्री गावातल्या जाणत्या वाटाड्याबरोबर टॉर्च घेऊन चाला. बेडूक पावसाळ्याइतके नसतात, पण हिरवा चापडा हा विषारी साप झुडपावर वेटोळं करून बसलेला दिसू शकतो. तो बोटभर अंतरावर असूनही पटकन दिसत नाही, म्हणून फांदीला हात लावण्याची सवय त्या रात्रीपुरती सोडा. कावळेसादला कठड्याच्या आतच उभे राहा. तिथे माणसं पडली आहेत.

आंबोलीच्या पुढे डोंगर वेगळेच का दिसायला लागतात?

चांगला प्रश्न, फारसं कोणी विचारत नाही. पुण्यापासून आंबोलीपर्यंत आपण लाव्हाच्या थरांवरून चालतो. म्हणून डोंगरांची माथी सपाट, कडे पायऱ्यापायऱ्यांचे, किल्ल्यांना सोयीचे. बेळगाव-गोव्याच्या आसपास हा दख्खनचा बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. डोंगर गोलसर होतात, झाडी माथ्यापर्यंत चढते, किल्ले विरळ होतात. मोलेजवळ तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर आहे, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं. तो दगड त्या भागात मिळत नाही, घाटावरून आणला असं मानतात. आता तुम्ही ज्या अनमोडच्या बाजूने ट्रकांच्या मागे कुरकुरत चढणार आहात, त्याच डोंगरातून कोणीतरी तो उतरवला असेल.

दूधसागरला रेल्वेच्या रुळांवरून चालत जाता येतं ना?

पूर्वी पुष्कळ जण जात. आता बंदी आहे आणि पकडतात. कुळ्याहून जीप घ्या. त्या स्थानिक जीपचालकांच्या संघटनेच्या आहेत, खासगी गाडी आत सोडत नाहीत. नोंदणी आधी करा, सकाळची पहिली वेळ घ्या. साडेदहानंतर किनाऱ्यावरून आलेल्या बसगाड्या पोचतात आणि मग धबधब्यापेक्षा लाईफ जॅकेटं जास्त दिसतात.

धबधबा ३१० मीटरचा आहे आणि त्याच्या मधोमध रेल्वेचा पूल आहे. हाच लोहमार्ग दुहेरी करायचा, वीजवाहिनी टाकायची आणि महामार्ग रुंद करायचा, अशा तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये गोव्यात मोठं आंदोलन झालं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. मोलेत थांबलात तर चहाच्या दुकानात विषय काढून बघा. दोन्ही बाजूंची मतं त्याच बाकावर ऐकायला मिळतील.

अंशी आणि दांडेली एकच का?

अंशी राष्ट्रीय उद्यान आणि दांडेली अभयारण्य मिळून काळी व्याघ्र प्रकल्प होतो. २००७ मध्ये झाला तेव्हा दोन्ही नावं होती, २०१५ पासून नदीचं नाव आहे. लोक ‘दांडेली’ म्हणून जातात आणि राफ्टिंग करून परत येतात. राफ्टिंग करा, पण गणेशगुडीला एक सकाळ पक्ष्यांसाठी ठेवा. सुपा धरणाखालच्या झाडीत धनेश दिसतात. उंबराला फळं आली असतील तर एकाच झाडावर कित्येक. आधी ऐकू येतो तो पंखांचा फरफर आवाज, आणि मान वर करेपर्यंत पक्षी पलीकडच्या काठाला गेलेला असतो. वीण उन्हाळ्यात असते. तेव्हा मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून भरवत राहतो, म्हणून त्या काळात ढोलीच्या झाडाखाली घोळका करू नका.

अंशी जोयड्याहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दाट, ओलं, काळोखं जंगल. इथल्या काळ्या बिबट्याची कीर्ती ऐकून लोक येतात. जळवा चिकटल्या की कीर्ती विसरतात.

भाषेची काळजी नको. जोयडा भागात कोकणी-मराठी सर्रास चालते. तिथल्या कुणबी लोकांकडे कंदमुळांच्या कितीतरी जाती आहेत. घरगुती मुक्काम घेतलात तर जेवणात कोनफळ किंवा तत्सम काहीतरी मागून घ्या.

जळवा, गोचीड, साप यांचं काय?

जळू निघते, रक्त थांबतं, खाज राहते. मीठ किंवा तंबाखूचं पाणी मोज्यांवर लावा, झालं.

गोचिडीकडे मात्र लक्ष द्या. सिंधुदुर्गच्या दोडामार्ग-बांदा भागात, गोव्यात सत्तरीत आणि कर्नाटकात माकडताप आढळतो. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात साथ आली. तो साधारण डिसेंबर ते मे या काळात गोचीड चावल्याने होतो. घाबरून प्रवास रद्द करण्यासारखं काही नाही. पूर्ण पँट, मोजे, पालापाचोळ्यात लोळणं नाही, मेलेल्या माकडाच्या जवळ जाणं नाही, रात्री अंघोळ करताना अंग तपासणं. परत आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना कुठे फिरून आलात ते आवर्जून सांगा. शहरातल्या डॉक्टरला हे आपणहून सुचेलच असं नाही.

साप चावला तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको.

किती मित्र असावेत?

चार. पाचवा आला की मागच्या सीटवरचा मधला रोज बदलावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी त्यावरून वाजतं. आठ जण असतील तर दोन गाड्या, पण मग जेवणाला बसायलाच अर्धा तास लागतो.

गाडी चालवणारे किमान दोघं हवेत. पैशांसाठी एकच जण खजिनदार, सुरुवातीलाच सगळ्यांकडून सारखी रक्कम घेऊन त्यातून खर्च. “नंतर बघू” म्हणणाऱ्या मित्राचं नंतर कधीच येत नाही. पहाटे उठवण्याची जबाबदारी अशा माणसाकडे द्या ज्याला शिव्या खायची सवय आहे.

खाण्याचं काय?

कोल्हापुरात तांबडा-पांढरा खाऊन दुपारी गाडी चालवू नका, झोप येते. रात्री खा. आजऱ्याला घनसाळ तांदूळ विकत घ्या, वास गाडीभर राहतो. सावंतवाडीत मालवणी जेवण, सोबत सोलकढी. शाकाहारी मित्राची आबाळ कुठेच होत नाही. जंगलाच्या मुक्कामात जेवण आधी सांगावं लागतं, ऐनवेळी ‘काहीतरी करा’ म्हटलं तर अंड्याची पोळी मिळेल.

गोव्यातून दारू आणता येते का?

परवान्याशिवाय नाही. अनमोडला तपासणी असते आणि पुढे महाराष्ट्रात शिरताना पुन्हा होऊ शकते. सापडली तर अख्खी गाडी अडकते, चालवणाऱ्याने पिली नसली तरी. जंगलाच्या आत बाटली नेणं हा तर वेगळाच गुन्हा.

परतीचा दिवस कसा ठेवावा?

दांडेलीहून सकाळी सातला निघा. धारवाडवरून आलात तर पेढा घ्या, बेळगाववरून आलात तर कुंदा. दोन्हीकडून जायचा हट्ट करू नका. निपाणीनंतर एकदा आणि कराडला एकदा चालक बदला. रविवार असेल तर संध्याकाळी पुण्याच्या दिशेला खंबाटकीच्या आसपास गाड्या तुंबतात, तेव्हा एक तर चारच्या आत तो टप्पा पार करा किंवा साताऱ्यात निवांत जेवून नऊनंतर निघा.